तिख्याचं कूळ

गोंदियाहून रायपूरला जाताना जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' चौथ्यांदा वाचत होतो. मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात पंत जाऊन पडतात, ती विज्ञानकथा. दुर्ग मागे पडलं, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या आणि मनात आलं, त्या जगात या कारखान्यात 'पोलाद' झालं असतं का? शब्द फारसी आहे!

आपला शब्द होता तिखे. जुन्या कोशांत तो अजून आहे. मूळ संस्कृत 'तीक्ष्ण'. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोखंडाच्या तीन जाती येतात, मुंड, तीक्ष्ण आणि कांत; त्यांतलं तीक्ष्ण म्हणजे पोलाद. त्याच तीक्ष्णातून तिखट आलं. म्हणजे तलवारीचं पातं आणि डब्यातली मिरचीपूड सख्खी चुलत भावंडं!

मग तिखे गेलं कुठे? फारसीच्या दरबारी वजनाखाली दबलं, असं माझे एक मित्र म्हणतात. मला पटत नाही. त्याच वजनाखाली मराठ्यांच्या फौजेत 'तलवार' टिकली, ती संस्कृत 'तरवारि'तून आलेली. धार टिकली, मूठ टिकली. म्यान तेवढं फारसीतून आलं. वजनच पडायचं तर ते फक्त तिख्यावर कसं पडलं?

माझ्या मते उत्तर मुंबईत आहे. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका पोलादावर निबंध मांडला. मुंबईत तयार होणारं, तिथे 'वूट्झ' म्हणवणारं, असं त्याचं वर्णन त्याने केलं. वूट्झ हा कानडी 'उक्कु'चा अपभ्रंश मानतात. 'वूक' लिहिताना चुकून 'वूट्झ' झालं, असाही एक तर्क आहे. ती लेखनिकाची चूक असो नसो, मला खटकतं ते वेगळंच. मुंबईत विचारलं आणि 'तिखे' ऐकूच आलं नाही! कारण माल खरं तर दक्षिणेकडून आला आणि येताना विकणाऱ्याचा शब्द घेऊन आला. तलवारीच्या अवयवांची नावं तलवार धरणारा ठेवतो, कच्च्या मालाचं नाव व्यापारी. छावणीच्या बाजारात पोलाद, बंदरावर उक्कु, आणि तिखे उरलं गावच्या भात्यापाशी.

तिथे तरी उरलं का, हे बघायला धान कापणीआधी आमच्याकडच्या एका आठवडी बाजारात लोहाराशेजारी बसलो. इळे पाजवायला रांग लागली होती. पातं लालभडक झालं की तो ऐरणीवर ठोकायचा, मग धारेची कड तेवढी पाण्यात टेकवायचा. चर्र आवाज, वाफ, आणि कडेवर गवती पिवळा रंग चढला की पुरे. पाजवणं म्हणजे पाणी पाजणंच, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

"हे तिखं का?" मी विचारलं.

त्याने मान हलवली.

"मग पोलाद?"

"पोलाद नाय जी, कमानपट्टा हाये. ट्रकचा. भंगारवाला देते."