एका जातीचें रान

श्रोतेहो, वनांचा ऱ्हास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कुऱ्हाड येते. आज मी सांगणार आहें ती हकीकत मात्र झाडें लावणाऱ्यांची आहे.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत चांदीच्या खाणी होत्या. खाणींना टेकू आणि भट्ट्यांना जळण पुरवितां पुरवितां तेथील डोंगर उघडे पडूं लागले. तेव्हां खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यांनीं १७१३ सालीं ग्रंथ लिहून बजावलें कीं, जेवढें लाकूड नव्यानें वाढेल तेवढेंच तोडावें. उपदेश मोलाचा होता. पण पुढें तो अमलांत आणतांना लवकर वाढणारा, सरळसोट आणि हिशेबाला सोपा असा स्प्रूस वृक्ष निवडला गेला. बीच, ओक इत्यादींच्या संमिश्र रानांच्या जागीं ठिकठिकाणीं त्याच्याच रांगा उभ्या राहिल्या.

लाकूड मिळालें, पण रान दुबळें झालें. स्प्रूसचीं मुळें उथळ, त्यामुळें वादळांत झाडें एकामागून एक कोसळत. सालीखालीं वाढणारा भुंगेरा शेजारच्या झाडांत सहज शिरे, कारण मध्यें दुसऱ्या जातीचें झाडच नसे. संमिश्र रानांत एकाचें मूळ वरचें पाणी घेतें, दुसऱ्याचें खोल जातें. एक झाड उन्हांत वाढतें, दुसरें सावलींत. आणि एकाचा शत्रू तो सहसा सर्वांचा शत्रू नसतो.

म्यूनिकचे प्राध्यापक कार्ल गायर यांनीं १८८६ सालीं संमिश्र वनाचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेल्या पुष्कळ डोंगरांवर पुन्हां स्प्रूसच लावला गेला. २०१८ पासून लागोपाठ अवर्षणें पडलीं, आणि हार्त्स पर्वतावरील स्प्रूसचीं विस्तीर्ण रानें तहानेनें व भुंगेऱ्यानें वाळून करडीं पडलीं.

त्याच वर्षीं चीनमधील जिआंग्शी प्रांतांतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ जातींच्या तुकड्यांनीं ८ वर्षांत, एकजातीय तुकड्यांच्या सरासरीहून दुपटीपेक्षां अधिक कार्बन सांठविला होता.

ही कथा आपल्याला अगदींच परकी नाहीं. १८६४ सालीं हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख नेमले गेले ते डीट्रिख ब्रांडिस जर्मनच होते. आपल्याकडील सागाच्या सरळ रांगा पाहतांना हार्त्सच्या करड्या उतारांची आठवण ठेवावी.

किती तोडावें हें कार्लोविट्स यांनीं सांगितलें. काय काय लावावें हें गायर यांनीं. आतां जर्मनींत पुन्हां संमिश्र रानें वाढविलीं जात आहेत. पण आज लावलेल्या ओकाची दाट सावली लावणाऱ्याच्या नातवंडांनाच मिळावयाची!