उष्णतेची लाट

उष्णतेची लाट : एखाद्या प्रदेशात हवेचे तापमान त्या काळाच्या सरासरीपेक्षा बरेच वर जाऊन तसेच टिकून राहणे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार कमाल तापमान मैदानी भागात 40, किनारपट्टीवर 37 आणि डोंगराळ भागात 30 अंश सेल्सिअसला पोहोचले व ते सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी अधिक असले, तर लाट मानतात. फरक त्याहून मोठा असल्यास तीव्र लाट. मैदानी भागात पारा 45 वर गेला की सरासरी न पाहताही लाट जाहीर होते, 47 वर तीव्र लाट. हवेचे वर्णन करायला हा निकष पुरतो. माणसावर, जनावरावर आणि झाडावर काय गुजरते ते मात्र त्यातून कळत नाही. सावलीतल्या तापमापकाच्या एका आकड्यात आर्द्रता येत नाही, रात्र येत नाही, डोक्यावरचा पत्रा येत नाही आणि हातातले कामही येत नाही. जीव जातो तो या चौघांच्या मेळाने. उच्चांकाच्या बातम्यांनी ही गोष्ट आणखी झाकली जाते. 29 मे 2024 रोजी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद होताच देशभर तिचीच चर्चा झाली आणि पुढे ते यंत्र सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. फलोदी येथील 19 मे 2016 चा 51 अंशांचा विक्रम त्यामुळे अबाधित राहिला, पण त्या दिवसांत दिल्लीत कोण, कुठे आणि का आजारी पडले हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

शरीर आपले तापमान 37 अंशांच्या आसपास राखते ते मुख्यतः घामाने, आणि घाम गारवा देतो तो वाळताना, नुसता निथळून नाही. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मिळणारे आर्द्र-बल्ब तापमान पाहतात. ते 35 अंशांवर काही तास राहिले तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही तगू शकत नाही, असे गणित 2010 मध्ये मांडले गेले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनियातील प्रयोगांत तर दमट हवेत निरोगी तरुणांची ही मर्यादा 31 अंशांच्या आसपासच गाठली गेली. वृद्धांची त्याहून कमी असणार. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय तासन्‌तास उघड्या मैदानात बसला होता. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे 38 अंश, म्हणजे विदर्भातल्या माणसाला जे सौम्य वाटेल असे. तेथे 14 जणांचा मृत्यू झाला. किनाऱ्यावरची दमट हवा, थेट ऊन आणि दाटीवाटीत लांबलेली बैठक यांचा परिणाम नागपूरच्या 44 अंशांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की विदर्भात उन्हाळा कडकच असतो आणि लोकांना त्याची सवय आहे. सवय आहेच. डोक्याला दुपट्टा, दुपारी बंद होणारा बाजार, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, नवतप्याच्या दिवसांत टाळलेला प्रवास, ही पिढ्यांनी कमावलेली शहाणीव आहे. पण कूलर चालतो तो कोरड्या हवेत. जूनमध्ये पावसापूर्वीची दमट हवा आली की तो निकामी ठरतो. शिवाय दुपारी घरात बसण्याची मुभा ज्याला आहे त्याचीच सवय त्याला वाचवते. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या मजुराचा रोज दुपारीच भरतो आणि पत्र्याखालची त्याची खोली रात्रीही तापलेली राहते. शरीराला दिवसभराचा ताण उतरवायला रात्रीचा गारवा लागतो. तो न मिळाल्यास दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी हृदय आणि मूत्रपिंडे थकतात. अशा मृत्यूंच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार लिहिला जातो, उष्णता नाही. जंगलाकाठी हीच साखळी वेगळ्या रूपात दिसते. तेंदूपत्त्याची तोड ऐन एप्रिल-मे महिन्यांत येते. ऊन टाळण्यासाठी लोक पहाटेच जंगलात शिरतात, आणि वाघाच्या हालचालीची वेळही तीच. चंद्रपूर जिल्ह्यातील उन्हाळी हल्ल्यांना आटलेल्या पाणवठ्यांइतकेच हे वेळापत्रकही कारण आहे. संत्र्याचे बागायतदारही तापमानाची वेळ पाहतात. मृग बहारासाठी ते झाडाला उन्हाळ्यात मुद्दाम पाण्याचा ताण देतात, पण आंबिया बहाराची कोवळी फळे त्याच उन्हात गळतात. एकच ऊन एका बहाराला उपयोगी आणि दुसऱ्याला घातक.

दुसरा आक्षेप कारणांविषयी आहे. लाटा पूर्वीही येत आणि एल निनोच्या वर्षी त्या वाढतात, हे खरे. म्हणूनच एखादी लाट हवामानबदलाने आली का, असा प्रश्न न विचारता, तो नसता तर तिची शक्यता किती असती, असे विचारणे योग्य. मार्च 2022 हा भारतात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळी गहू होरपळला आणि 13 मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. भारत-पाकिस्तानातील त्या वर्षीची लाट मानवी उत्सर्जनामुळे सुमारे 30 पट अधिक संभाव्य झाली, असा वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन गटाचा अंदाज आहे. एप्रिल 2023 च्या भारत व बांगलादेशातील दमट उष्णतेबद्दलही त्यांनी साधारण तेच गुणोत्तर काढले. वातानुकूलन हे यावरचे पुरेसे उत्तर नव्हे. ते खोलीतली उष्णता गल्लीत सोडते आणि त्याला लागणारी वीज अजून प्रामुख्याने कोळशाची आहे. महाराष्ट्राला वीज पुरवणारे 2,920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र चंद्रपूरलाच आहे, देशातील अतिउष्ण शहरांपैकी एकात.

थंडीने जास्त माणसे मरतात, हा तिसरा आक्षेप 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या बहुदेशीय अभ्यासाच्या आधारे केला जातो. त्या अभ्यासात थंडीशी जोडलेले मृत्यू खरोखरच कितीतरी अधिक होते, परंतु त्यांतले बहुतेक कडाक्याच्या नव्हे, तर सौम्य थंडीच्या दिवसांतले होते. उष्णतेचे मृत्यू मात्र थोड्या दिवसांत एकवटतात, त्यामुळे ते आधी ओळखून टाळता येतात. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले. त्यानंतर 2013 मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा लागू झाला. पूर्वसूचना, पाणपोया, दवाखान्यांची तयारी अशा साध्या उपायांनी वर्षाला हजारच्या वर मृत्यू टळले, असे पुढील अभ्यासात आढळले. नागपूरसह अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला. तरीही आपत्ती निवारण निधीसाठीच्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट असताना उष्णतेची लाट अनेक वर्षे नव्हती आणि पंधराव्या वित्त आयोगानेही ती जोडण्याची गरज मानली नाही, हे या लेखकाला समर्थनीय वाटत नाही. सूचना मिळूनही मजुराला काम सोडता येत नाही, कारण सोडले तर त्या दिवसाची मजुरी जाते. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते. कतारने 2021 मध्ये आणखी पुढे जाऊन आर्द्रता, ऊन आणि वारा धरून काढलेला निर्देशांक 32.1 अंशांच्या वर गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवण्याचा नियम केला. भारतातील आराखड्यांत दुपारच्या विश्रांतीची शिफारस असते. ती बंधनकारक करणे आणि त्या तासांची मजुरी देणे या दोन तरतुदी त्यांत जोडायला हव्यात.