येणाऱ्या आवाजाची किंमत

मोबाईल घ्यायला आपण दुकानात जातो, तेव्हा कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती टिकते, मेमरी किती, हे बारकाईनं विचारतो. मग दुकानदार विचारतो, "कार्ड कुणाचं घालू?" त्यावर आपण शेजाऱ्याकडं आहे त्याच कंपनीचं नाव सांगून मोकळे होतो. पण गेल्या तीस वर्षांत कोण कुणाशी बोलेल आणि किती बोलेल, हे खरं तर या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानं ठरवलं आहे.

बी.ए. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका एस.टी. स्टँडसमोरच्या एस.टी.डी. बूथवर बसत असे. काचेची खोली आणि लाल आकड्यांचा मीटर. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून खरी गर्दी तेव्हाच. भिवंडीला यंत्रमागावर गेलेल्या पोरांचे आईबाप रांगेत बसायचे. बोलताना सगळ्यांची नजर मीटरवर असायची. एक म्हातारी फक्त एवढंच विचारायची, "बरा हायस न्हवं?" उत्तर कानावर पडलं की लगेच रिसीव्हर खाली. पण एक गोष्ट चांगली होती. पैसे फोन करणाऱ्याला पडत. ज्याला फोन आला, त्याला ऐकायला काही पडत नसे.

हा नियम मोबाईलनं मोडला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाईल सेवा सुरू झाली. त्या काळी गर्दीच्या वेळेचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या वर होता. शिवाय आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. म्हणजे कुणी आपली आठवण काढली, तर भुर्दंड आपल्यालाच! खिशात मोबाईल बाळगणारी माणसं आलेला नंबर बघून फोन कापायची आणि समोरच्या बूथवर येऊन तो नंबर फिरवायची. अशी गिऱ्हाइकं मी स्वतः पाहिली आहेत.

महागाईचं कारण नुसता नफा नव्हता. १९९४च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हा परवान्यांसाठी त्यांनी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या. ती रक्कम फेडता फेडता त्या मेटाकुटीला आल्या. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', स्थापन झालं. १९९९च्या नव्या धोरणानं ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. दर उतरू लागले ते त्यानंतर.

माझ्या लेखी मोठी तारीख मात्र १ मे २००३. त्या दिवसापासून येणारा फोन फुकट झाला. आपण महाराष्ट्र दिन साजरा करत होतो आणि तिकडं गरिबाच्या खिशातला फोन त्याच्यासाठी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं वाजू लागला. बोलवायला पैसे नसलेल्या माणसालाही आता कुणीतरी बोलवू शकत होतं.

त्याच वर्षी मी अम्मासाठी फोन घ्यायला निघालो. बाजारात दोन वाटा होत्या. एका वाटेवर कार्ड वेगळं आणि फोन वेगळा. दुसरी सी.डी.एम.ए.ची, तिच्यात नंबर फोनच्या पोटातच भरलेला. पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन घरी न्यायची योजना काढली, तेव्हा दुकानांपुढं झुंबड उडाली. पण कंपनी बदलायची झाली, तर तो फोन निकामी. आज स्वस्त की उद्या मोकळीक, अशी ती निवड होती. मी मोकळीक घेतली. नोकियाचा ११०० हा बॅटरीवाला फोन नुकताच आला होता. भारनियमनाच्या दिवसांत अम्माला बोलण्याइतकीच त्या उजेडाची गरज होती. कार्ड निवडताना जाहिराती बघितल्या नाहीत. तीन मित्रांचे तीन कंपन्यांचे फोन घेऊन गावी गेलो आणि अम्माच्या चुलीपाशी कुठल्या फोनवर रेंजच्या काड्या जास्त दिसतात, ते पाहिलं.

मग मिस्ड कॉलची भाषा आली. भिवंडीचा भाऊ पोहोचला की एक रिंग द्यायचा. दोन रिंगा म्हणजे 'तू फोन कर'. कवितेत कमी शब्दांत जास्त सांगावं म्हणतात; आमच्या घरानं एकाही शब्दाशिवाय सांगायची रीत काढली.

२००५च्या अखेरीस हजार रुपयांच्या आत 'लाइफटाइम' योजना आल्या. एकदा पैसे भरा, येणारा फोन जन्मभर चालू. अम्माचं कार्ड तसं करून घेतलं. जन्म कुणाचा, हे विचारायचं मात्र राहून गेलं. 'ट्राय'नं पुढं स्पष्ट केलं, ते आयुष्य ग्राहकाचं नव्हे, कंपनीच्या परवान्याचं!

पुढं निवडीला पूर आला. २००९ साली सेकंदाच्या हिशेबानं आकारणी सुरू झाली. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली. बोलणं जवळजवळ फुकट आणि किंमत इंटरनेटला, असा उलटा हिशेब सुरू झाला. त्या शर्यतीत कंपन्या भराभर मिटल्या किंवा एकमेकींत विरल्या. आज देशभर तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्याच उरल्या आहेत.

२०१८ संपता संपता मोठ्या कंपन्यांनी नियम आणला : दर अठ्ठावीस दिवसांनी किमान रिचार्ज करा, नाहीतर आधी जाणारे आणि मग येणारे फोनही बंद. गावी हे कुणी नीट सांगितलं नाही. २०१९च्या रमजान ईदला सकाळपासून आम्ही भावंडं अम्माला फोन लावत होतो. पलीकडून यंत्राचा तोच तो आवाज. दुपारी शेवटी मी गाडी काढून गाव गाठलं. अम्मा नव्या साडीत दारात बसली होती, फोन मांडीवर. म्हणाली, "मैं समझी, तुम लोगां भूल गए." शिरखुर्म्याच्या वाट्या झाकलेल्या तशाच होत्या. पस्तीस रुपयांचं रिचार्ज नव्हतं, एवढंच झालं होतं.

म्हणजे चोवीस वर्षांनी आपण फिरून तिथंच आलो. येणाऱ्या आवाजाला पुन्हा किंमत लागली, फक्त ती मिनिटाऐवजी महिन्याच्या हिशेबानं. महिनाही अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज! पुढं २०२२मध्ये 'ट्राय'नं तीस दिवसांची किमान एक योजना ठेवायला लावली. डिसेंबर २०२४मध्ये इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलण्याची आणि संदेशांची वेगळी योजना देण्याचा नियम केला. अशा खास योजनांची मुदतही नव्वद दिवसांवरून वर्षापर्यंत वाढवू दिली. साध्या बटणांच्या फोनवर बोलणाऱ्या कितीतरी आयाबाया तोवर कधी न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरत होत्या.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घ्याल, तेव्हा कॅमेरा राहू द्या. त्यांच्या अंथरुणापाशी कुणाची रेंज येते, ते आधी पाहा. फक्त बोलण्याची वर्षभराची योजना आहे का, ते नाव घेऊन मागा. दुकानदार आपण होऊन दाखवीलच असं नाही. आणि एक प्रश्न विसरू नका : "पैसे संपल्यावर किती दिवस फोन येत राहील?" बूथवरच्या त्या म्हातारीला मिनिटभराचेच पैसे परवडायचे. पण पोरानं केलेला फोन तिला कधी विकत घ्यावा लागला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)