अब्बांच्या मराठी तबकड्या

दिग्रसच्या घरी अब्बांनी मोहम्मद रफींच्या सात इंची तबकड्या जमवल्या होत्या. मिनिटाला 45 फेरे घेणारी ही जात अमेरिकेत 1949 साली निघाली. पुढे कॅसेट आली, लोकांनी तबकड्या भंगारात घातल्या. अब्बा त्या आर्णीला, बाबा कंबलपोष यांच्या उरुसात वेचत. 31 जुलै 1980 रोजी, ऐन रमजानात, रफी गेले. तेव्हापासून हा नाद जडला.

हिंदी तबकड्या पुष्कळांकडे असत. अब्बांचा जीव मराठीवर. 'शोधिसी मानवा'चे गीत वंदना विटणकरांचे, संगीत श्रीकांत ठाकरे यांचे. हे बाळासाहेबांचे धाकटे भाऊ. बी.एड.ला असताना मी चिडून विचारले, "अब्बा, ये नाम अपने घर में कायको?"

"बेटा, उनकी उर्दू तेरेसे साफ थी."

आणि मी उर्दू शाळेचा मास्तर होणार होतो!

उर्दू लिपीत 'ळ' नाही. माझी मुले 'शाळा'ला 'शाला' म्हणतात. मग मी 'प्रभू तू दयाळू' लावतो. पंजाबात जन्मलेला माणूस मराठी कशी म्हणतो, ते ऐका म्हणतो. सुई चरेला अडकते, तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो. वर्ग हसतो. तोवर तिघाचौघांच्या जिभेवर 'ळ' बसलेला असतो.