'डू यू लाइक ब्राम्स?' : ध्यास आणि गुणवत्ता यांच्यातील अंतर

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विद्यार्थ्यांचे जग उलगडणारी ही कोरियन मालिका दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीवरून ३१ ऑगस्ट ते २० ऑक्टोबर २०२० या काळात दर सोमवारी व मंगळवारी प्रसारित झाली. १६ भागांच्या या मालिकेचे लेखन र्यू बो-री यांचे, तर दिग्दर्शन जो यंग-मिन यांचे आहे.

नायिका छे सोंग-आ (पार्क उन-बिन) व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतल्यानंतर व्हायोलिनच्या ओढीने पुन्हा महाविद्यालयात दाखल होते. वयाच्या २९व्या वर्षी ती अंतिम वर्षात शिकत असते. वाद्यवृंदातील आसने गुणानुक्रमे ठरत असल्याने तिच्या वाट्याला शेवटची जागा येते. नायक पार्क जुन-यंग (किम मिन-जे) हा नामवंत पियानोवादक. मात्र कौटुंबिक कर्ज आणि उपकारांच्या ओझ्याखाली त्याच्या वादनातील आनंद हरपलेला आहे.

शीर्षकाला संदर्भ आहे तो योहानेस ब्राम्स (१८३३-१८९७) यांच्या जीवनाचा. ज्येष्ठ संगीतकार रॉबर्ट शुमान यांची पत्नी, पियानोवादक क्लारा यांच्याविषयी ब्राम्स यांना आयुष्यभर ओढ वाटत राहिली. मालिकेतील दोन्ही प्रमुख पात्रेही आपल्या मित्रपरिवारातील व्यक्तीवर असेच अव्यक्त प्रेम करीत असतात.

परिश्रमाने सर्व काही साध्य होते, असा सोपा दिलासा ही मालिका देत नाही. सोंग-आ अखेर व्यावसायिक वादनाचा मार्ग सोडते. तिचा हा निर्णय पराभव न ठरता स्वतःची ओळख ठरतो, यातच या कथेचे वेगळेपण आहे.