तळटीप : अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि डोळ्यातली पांढरी झाक

* मूळ मजकुरात दोन निरनिराळे आजार एकत्र झाले आहेत. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दोन्हींत दिसू शकते, म्हणून हा गोंधळ. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग. तो बहुधा आरबी-१ या जनुकातील बिघाडातून, पाच वर्षांच्या आत उद्भवतो आणि पूर्ण दिवसांच्या मुलांनाही होतो. आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी), म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाचा विकार, मात्र कर्करोग नव्हे. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या गर्भात अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मले की ती वाढ अडखळते, पुढे वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांच्या ओढीने दृष्टिपटल सुटू शकते. बोस्टनचे थिओडोर टेरी यांनी १९४२ साली या विकाराचे वर्णन केले. काचपेटीतील अतिरिक्त प्राणवायूचा त्यातील वाटा १९५०च्या दशकात सिद्ध झाला; तोवर जीव वाचलेल्या हजारो बाळांची दृष्टी गेली होती. भारतात ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा वैद्यकीय दंडक आहे. आरओपीत बाहुली पांढरी दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. पालकांनी त्या खुणेची वाट पाहू नये, आणि ती दिसलीच तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. — संपादक