थंडीतलं ऊन आणि आपली त्वचा



रविवारी मराठी शाळेत मुलांना सोडलं की पार्किंग लॉटमध्ये आम्हा आयांच्या गप्पा रंगतात. "कुठलं सनस्क्रीन लावतेस गं?" हा प्रश्न त्यात हमखास असतोच. म्हणून म्हटलं, जमवलेली माहिती एका जागी लिहून काढावी. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण या विषयात मी स्वतःच्या चेहऱ्यावर एक चुकीचा प्रयोग करून बसले आहे. तो आधी सांगते.

डेन्व्हरला आल्यावर तिसऱ्या वर्षी माझ्या गालांवर तपकिरी डाग दिसू लागले, डावीकडे जास्त. आई फोनवर म्हणाली, "अगं, हे वांग आहे. सायीत हळद कालवून लाव." त्याने काही फरक पडला नाही. मग भारतात गेले तेव्हा एका दुकानातून "गोरेपणाची" ट्यूब आणली. महिनाभरात चेहरा असा उजळला, की मैत्रिणी नाव विचारू लागल्या! चार महिन्यांनी तोच चेहरा लालबुंद. उन्हात आग व्हायची, बारीक पुरळ आणि लव वाढली. इथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरचे घटक वाचले आणि म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे." चेहरा पूर्वपदावर यायला जवळजवळ वर्ष गेलं. मी मैत्रिणींना नाव सांगितलं होतं, याची रुखरुख अजून आहे.

इथलं ऊन वेगळं का?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, तर डेन्व्हर १,६०९ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. म्हणजे स्कीइंगला गेलं की ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. हवा थंड आहे म्हणून ऊन सौम्य आहे, असं समजू नका.

अतिनील किरणांचे आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत. 'यूव्हीबी'ने त्वचा भाजते. 'यूव्हीए' खोलवर जाऊन डाग आणि सुरकुत्या आणतात. साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, पण यूव्हीए बरेच आत सोडते. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्याने चांगलं संरक्षण देते, बाजूच्या काचेचा मात्र भरवसा नाही. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो आला होता. खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती! माझा डावा गाल जास्त का काळवंडला, हे मला तो फोटो पाहून पटलं.

सावळ्या त्वचेला सनस्क्रीन कशाला?

आपल्या त्वचेतलं मेलॅनिन थोडं संरक्षण देतं, हे खरं. त्वचेचा कर्करोगही आपल्यात गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी. पण वांग आणि पुरळ गेल्यावर राहणारे काळे डाग आपल्या त्वचेवर जास्त दिसतात आणि उन्हाने वाढतात. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग येऊ शकतो. नुसत्या क्रीमने तो जात नाही, आधी ऊन अडवावं लागतं.

लेबल कसं वाचायचं?

- एसपीएफ: हा आकडा यूव्हीबीसाठी असतो. हिशोब सोपा आहे: एसपीएफ ३० म्हणजे एक तीसांश, साधारण ३ टक्के किरण आत येतात. एसपीएफ ५० असेल तर २ टक्के. म्हणजे ३० पुरे, ५० थोडं बरं. १०० साठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही.
- ब्रॉड स्पेक्ट्रम: यूव्हीएपासूनही संरक्षण. हे शब्द नसतील तर बाटली परत ठेवा. भारतातल्या बाटल्यांवर यासाठी 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. जितकी चिन्हं जास्त, तितकं चांगलं.
- वॉटर रेझिस्टंट: ४० किंवा ८० मिनिटं. एफडीएच्या २०११ च्या नियमानुसार अमेरिकेत सनस्क्रीनवर 'वॉटरप्रूफ' लिहिता येत नाही, कारण तसं काही नसतंच.
- झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड: नाजूक त्वचेला सहसा चालतात, पण चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे रंग असलेलं, 'टिंटेड' सनस्क्रीन. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग असणाऱ्यांना तेच जास्त उपयोगी पडतं.

किती आणि कधी?

एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. आपण लावतो त्याच्या निम्मंही नाही, म्हणून बाटलीवरचा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. उघड्या अंगाला एकूण सुमारे ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं लावा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

विसरायच्या जागा: कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, पावलं आणि ब्लाउजची उघडी पाठ. उन्हाळ्यातल्या पिकनिकला साडी नेसणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं!

हवामानाच्या अंदाजात 'यूव्ही इंडेक्स' ३ किंवा जास्त असेल तर टोपी, गॉगल, लांब बाह्या आणि सनस्क्रीन हवंच. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर ऊन कडक आहे. सहा महिन्यांखालच्या बाळांना सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे.

'ड' जीवनसत्त्वासाठी ऊन खायची गरज नाही. इथे ७० वर्षांपर्यंतच्या प्रौढांना रोज ६०० आययू सांगतात. ते 'ड' जीवनसत्त्व घातलेल्या दुधातून किंवा गोळीतून मिळतं. किती घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारा.

रोजची काळजी

- हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी होते. कढत पाण्याने लांबलचक अंघोळ टाळा. अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.
- खोबरेल तेल हातापायांना ठीक. चेहऱ्यावर पुरळ येत असेल तर नको. ते सनस्क्रीनचं काम करत नाही.
- लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका. त्याने त्वचा भाजून काळे डाग पडतात.
- टिकलीखाली खाज किंवा पांढरा डाग दिसला तर टिकली बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने त्वचेचा रंग जातो.

बॅगेतून येणाऱ्या ट्यूब

बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची नावं. हायड्रोक्विनोन २०२० पासून अमेरिकेत फक्त प्रिस्क्रिप्शनवर मिळतं. 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' म्हणजे पारा, तो मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेला घातक आहे. घटक लिहिलेलेच नसतील, तर ती ट्यूब वापरू नका. स्टेरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी?

तीळ वाकडातिकडा वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय किंवा जखम भरत नाही, तर लगेच जा. आपल्यासारख्या त्वचेत मेलॅनोमा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि तिथे कोणी बघत नाही. गायक बॉब मार्ले १९८१ साली गेला, त्याचा कर्करोग पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झाला होता. आईबाबा इथे आले की त्यांचे तळपायही एकदा बघा. एचएमओ विमा असेल तर सहसा आधी फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पीपीओमध्ये बहुतेक वेळा थेट जाता येतं.

माझा वांग पूर्ण गेलेला नाही, फिकट झालाय. आता सनस्क्रीन गाडीच्या किल्ल्यांशेजारीच ठेवते. आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीला ते लावताना "काळी होशील हं" असं म्हणत नाही, "भाजेल हं" म्हणते.

काळजी घ्या. भारतातून कोणी ट्यूब आणली असेल, तर पुढच्या रविवारी घेऊन या, पार्किंग लॉटमध्येच मिळून लेबल वाचू!